पाठमोरी डोकी

सामान्य माणसांच्या प्रवासांच्या हकिकती आणि फोटो नोंदीसाठी गोळा करताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. प्रवासी सहसा खोटे बोलत नाही, पण सांगण्यापूर्वी प्रवासाला इस्त्री करतो. झिपरीच्या बाबतीत अडचण वेगळीच निघाली. पाठीवर सॅक घेऊन, कोणाचीही सोबत न घेता, आशिया ओलांडून ओशनियातल्या बेटांपर्यंत गेलेल्या या मुलीने आणलेल्या फोटोंमध्ये एकही समुद्रकिनारा नाही, डोंगर नाही, सूर्यास्त तर औषधालाही नाही. आहेत ती फक्त माणसांची डोकी, आणि तीही पाठीमागून.

"आता तुम्हीच सांगा," तिच्या आईने पहिल्याच भेटीत फोन माझ्या हातात देत म्हटले, "पोरगी एवढं जग फिरून आली आणि आणलं काय, तर लोकांच्या माना! शेजारणींना दाखवू काय? एकाचं तरी तोंड काढायचं होतं की नाही?"

याचे उत्तर बाहेरच्या खोलीत, म्हणजे झिपरीच्या वडिलांच्या सलूनमध्ये सापडते. खोली अरुंद आहे. दाराजवळ पहिली खुर्ची, पंख्याखाली दुसरी, समोर भिंतभर आरसा आणि मागे वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक, ज्याचा एक पाय विटेवर टेकवलेला आहे. झिपरीच्या वडिलांना सगळी गल्ली वस्ताद म्हणते. केस कापून झाले की वस्ताद गिऱ्हाइकाच्या मागे लहान आरसा धरतात आणि त्याने मान डोलावल्याशिवाय गळ्याभोवतीचे कापड सोडत नाहीत. "चेहरा गिऱ्हाइकाचा, मान कारागिराची," असे त्यांचे म्हणणे. झिपरी याच आरशासमोर वाढली. परदेशातही ती ज्याचे केस कापी, त्याच्या मानेचा फोटो काढी. तिच्या लेखी तोच देखावा होता.

तिच्या नावाबद्दलही थोडे सांगायला हवे. लहानपणी केस कापायचे म्हटले की ती बाकाखाली शिरून बसे, म्हणून आत्याने तिला झिपरी म्हणायला सुरुवात केली. पुढे तिचे केस कायम वस्तादांच्याच हातचे, कानांच्या वर राहणारे असले, तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

या घरात एक रीत होती. सुट्टीच्या दिवशी सलूनचे शटर अर्धे खाली ओढायचे, आणि आधी वस्तादांनी मुलीचे केस कापायचे, मग मुलीने वस्तादांचे. स्टुलावर उभे राहून तिचा हात त्यांच्या डोक्यापर्यंत पोहोचू लागला तेव्हापासून हे सुरू होते. त्या वेळी आत कोणाला येऊ देत नसत. स्वतःच्या आईलाही वस्तादांनी एकदा शटरबाहेर थांबवल्याचे सांगतात. कारागिराने आपली मान एकाच हातात द्यावी, असे त्यांचे मत होते, आणि या मताला त्यांनी कधी कारण दिलेले मला आढळले नाही.

झिपरी का गेली? गल्लीत याची उत्तरे अनेक मिळतात. समोरचा इस्त्रीवाला म्हणतो, स्थळ आले होते म्हणून. आत्या म्हणते, फोन बघून बघून डोके फिरले म्हणून. झिपरीने स्वतः सर्वांना "जग बघायला" असे सांगितले होते. पण खोदून विचारल्यावर तिने जी हकिकत सांगितली, तिला वस्तादांनीही दुजोरा दिला, म्हणून तीच मी ग्राह्य धरतो आहे. एकदा सलूनमध्ये एक परदेशी प्रवासी आला. त्याचे केस इतके घट्ट कुरळे होते की वस्तादांचा कंगवा मध्येच अडकला. वस्तादांनी पाणी मारले, कात्री बदलली, आणि शेवटी कापड सोडून हात जोडले. "हे केस माझं ऐकत नाहीत," ते म्हणाले. वडिलांना न येणारी गोष्ट झिपरीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. जगात असे केस असतील, तर ते हाताखालून जायलाच हवेत, असे तिच्या मनाने तिथेच घेतले.

निघायच्या दिवशी ती सॅक घेऊन सलूनमध्ये आली, तेव्हा पहिल्या खुर्चीवर गल्लीतले निवृत्त मास्तर होते, तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत.

"निघते मी, बाबा."

"एकटीच?"

"एकटीच."

"आणि माघारी कधी?"

"ते कसं सांगू? हात चालतोय तोवर अडणार नाही कुठे."

वस्तादांनी वस्तरा पट्ट्यावर फिरवून मास्तरांच्या गळ्याला लावला. "जा. अडवल्यावर थांबणारी असतीस तर माझी मुलगी कशाला झाली असतीस! पण एक ऐक. तुझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला, तर ही दुसरी खुर्ची विसरायची. पुतण्या आहेच माझा, हाताखाली शिकतोय."

"आणि तुमचे केस कोण कापणार?"

"माझं मी बघतो. गाडी चुकेल, नीघ."

दुसरी खुर्ची झिपरीची होती. दुसरे कोणतेही काम तिला येत नव्हते आणि करायचेही नव्हते. वस्ताद हे थट्टेने म्हणाले की मनापासून, यावर दोन मते आहेत. इस्त्रीवाला सांगतो की म्हणताना वस्तादांच्या डोळ्यांत पाणी होते. मास्तर सांगतात की पाणी वगैरे काही नव्हते आणि हात जराही थांबला नाही. मला मास्तरांवर विश्वास ठेवणे भाग आहे, कारण वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता.

ती गेल्यावर वस्तादांनी दुसऱ्या खुर्चीवर पांढरे कापड टाकले.

झिपरीच्या प्रवासाची पद्धत साधी होती. स्वस्त वसतिगृहात जायचे, मालकाला स्वयंपाकघरातले स्टूल मागायचे, अंगणात मांडायचे आणि कात्री दाखवायची. बहुतेक ठिकाणी भाषा लागलीच नाही. एकाची मान नीट दिसली की दुसरा आपण होऊन येऊन बसे. रात्रीच्या पलंगाचे भाडे त्यावर सुटे. फोटोंमधून तिचे शिक्षण स्पष्ट दिसते. सुरुवातीच्या डोक्यांवर वस्तादांची शैली आहे, कडा सरळ आणि कानामागे काटकोन. पुढे सरळ, जाड, ब्रशासारखे उभे राहणारे केस येतात आणि काटकोन मोडतो. मग रेशमासारखे निसटणारे, मग उन्हाने पिंगट झालेले. एका बंदराजवळच्या छोट्या दुकानात तिला त्या परदेशी प्रवाशासारखेच घट्ट कुरळे केस कापणारी एक बाई भेटली. ती केसांना पाणी लावीतच नसे. कोरडेच ठेवून, बोटांनी उचलून, कुंभार मडक्याला आकार देतो तसा आकार देई. झिपरीने त्या दुकानात पावसाळा काढला.

सगळेच काही असे रंगून गेले नाही. एका डोंगरी गावच्या बसस्थानकावर शेवटची बस चुकल्यावर ती सॅकला मिठी मारून रडली होती. एका बेटावर तापाने फणफणून वरच्या पलंगावर पडली असता, आदल्या दिवशी जिचे केस कापले होते ती मुलगी न बोलता पाणी आणून देई. "तिचं नावही विचारलं नाही मी," झिपरी म्हणते, "पण तिचा भोवरा डावीकडे होता, हे आठवतं."

दरम्यान तिचे स्वतःचे केस वाढत होते. फोटोंवर तारखा नाहीत, कारण मधे फोन बदलला. पण काही ठिकाणी समोरच्या आरशाच्या कोपऱ्यात झिपरी स्वतः दिसते, आणि केसांच्या लांबीवरून फोटोंचा क्रम लावता येतो. कानांवर आलेले, मानेवर रुळलेले, खांद्यापर्यंत पोहोचलेले, रबराने बांधलेले. केसांना हात लावू द्यायचा नाही, ही अट ती पाळत होती. मात्र वाढलेले केस पाहून घरच्यांनी 'आता परत ये' म्हणू नये, म्हणून व्हिडिओ कॉलवर टोपी घालत असे.

"घरात टोपी कशाला?" आई विचारी.

"इथं गारठा आहे, आई."

"मग कपाळावरून घाम का गळतोय?"

वस्ताद त्या कॉलवर दिसतच नसत. फोन त्यांच्याकडे वळवला की फक्त हनुवटी तरी दिसे किंवा छत. "मला काय बघायचंय? जेवलीस ना? बास."

कारण इकडेही केस वाढत होते. वस्तादांनी दुसऱ्या कोणाला डोक्याला हात लावू दिला नाही, आणि गल्लीने त्याची गोष्ट करून टाकली. लेकीसाठी बापाने केस राखले! इस्त्रीवाला ही गोष्ट कपड्यांच्या घड्यांबरोबर घरोघर पोहोचवी. गिऱ्हाइके चेष्टा करीत. "वस्ताद, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच काय?" नवे गिऱ्हाईक दारात येई, मालकाच्या मानेवरची जुडी पाही आणि पुढच्या दुकानाचा पत्ता विचारी. वस्ताद ऐकून घेत. गोष्ट गोड होती, आणि एवढी गोड गोष्ट तपासल्याशिवाय नोंदवू नये, इतपत अनुभव आमच्या कामात येतो.

फोटोंच्या क्रमात मला एक खळगा सापडला. रबराने बांधलेल्या केसांनंतरच्या फोटोत आरशात दिसणाऱ्या झिपरीच्या डोक्यावर केसच नाहीत. मी बोट ठेवले तेव्हा ती हसली. "आधी सगळ्यांना सांगितलेलं सांगते, मग खरं सांगते."

सगळ्यांना सांगितलेले असे: वसतिगृहात उवा झाल्या, इलाज नव्हता.

खरे असे. ओशनियातल्या एका मोठ्या मेंढवाड्यावर तिला झाडूचे काम मिळाले. लोकर कातरणाऱ्यांच्या पायांखालची लोकर लोटून बाजूला करायची. घरी लहानपणी हेच केले होते, त्यामुळे हात बसलेला होता. तिथे कातरणाऱ्यांत एक मध्यमवयीन बाई होती, दांडग्या खांद्यांची. बाकीच्यांच्या हातात मेंढ्या लाथा झाडत. हिच्या गुडघ्यांत आली की मेंढी गादीवर टेकल्यासारखी सैल पडे, आणि वरून लोंबणारे मशीन तिच्या अंगावरून एका लांब वळणात फिरे.

"तुझ्या मेंढ्या लाथा का मारत नाहीत?" झिपरीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले.

"घट्ट धरलं की मारतात," बाई म्हणाली. "धरायचं नाही. टेकू द्यायचा. ती जिकडे कलेल तिकडे आपण आधीच असायचं."

झिपरी कित्येक दिवस झाडू हातात धरून ते पाहत राहिली. ते शिकायचे होतेच, पण खरी ओढ वेगळी होती. तो हात स्वतःच्या डोक्यावर कसा लागतो, हे तिला जाणायचे होते. दुसऱ्या कोणाला ही इच्छा विचित्र वाटेल. पण जिने जन्मभर हातांची पारख केली, तिला चांगला हात दिसल्यावर आपली मान पुढे करावीशी वाटणे, ही याच धंद्यातली खोड आहे. शेवटच्या दिवशी काम संपल्यावर ती बाईपुढे जाऊन बसली आणि रबर सोडले.

"वेड लागलंय का? हे मेंढीचं मशीन आहे!"

"मला माहितीय."

"कान गेला तर?"

"तुमच्या हातून नाही जायचा."

शेडमधले सगळे जमा झाले. कोणीतरी मेंढीसारखे बें बें केले. बाईने तिचे डोके स्वतःच्या मांडीला टेकवले, आणि झिपरी सांगते की त्या क्षणी मानेतले सगळे ओझे उतरले, आपली मान आपल्याला उचलायची नाही, असे वाटले. केस पायाशी पडले ते तिने स्वतःच लोटून बाजूला केले. आणि झाडू ठेवताना तिला दुसरी खुर्ची आठवली.

"तेव्हा रडले," ती म्हणाली. "बसस्थानकापेक्षा जास्त."

अटीत पळवाटा होत्या. ती बाई केशकर्तन करणारी नव्हती, आणि यंत्र तर मेंढीचे होते. झिपरीने परतीच्या सगळ्या वाटेवर या पळवाटा घोळवल्या. मोडली होती अट, हे मात्र तिला ठाऊक होते.

ती पोहोचली तो सलूनच्या सुट्टीचा दिवस होता. आईने दारातच तिला कुरवाळले, वाळलीस म्हणाली, टोपी ओढायला गेली. झिपरीने टोपी धरून ठेवली आणि थेट बाहेरच्या खोलीत गेली. शटर अर्धे खाली होते. वस्ताद पहिल्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून बसले होते. त्यांचे केस खांद्यांवर आले होते. पुढचे संभाषण मला दोघांनी वेगवेगळे सांगितले, आणि ते जवळजवळ शब्दशः जुळते.

"आलीस?"

"आले."

"टोपी?"

तिने टोपी काढली. केस बोटभर वाढले होते, पण मशीनच्या पट्ट्या अजून जाणवत होत्या. वस्ताद उठले, तिचे डोके खाली वाकवून बोटे फिरवली, कानामागे अंगठा दाबला.

"कोणी केलं?"

"मेंढ्या कातरणाऱ्या बाईने."

"कशाला?"

उवांची गोष्ट जिभेवर तयार होती. "तिचा हात चांगला होता, बाबा. मला बघायचा होता."

वस्तादांनी तिचे डोके उजेडाकडे वळवले. "पट्ट्या राहिल्यात," ते म्हणाले. "पण कानामागे ओरखडा नाही. मेंढीच्या मशीनने?"

"मेंढीच्याच."

"हं."

"खुर्ची पुतण्याला द्या," झिपरी म्हणाली. "मी अट मोडली."

"तो येणार नाही. त्याने कात्री सोडली. गोदामात लागलाय."

इथे मला पुतण्याची साक्ष मधे आणावी लागते, कारण गल्लीच्या गोड गोष्टीचा निकाल तिच्यात आहे. झिपरी गेल्यावर काही महिन्यांनी वस्ताद एकदा शटर ओढून पुतण्यापुढे बसले होते. म्हणजे अट आधी त्यांनीच मोडली. पुतण्याने कात्री लावली आणि काकांच्या कानाच्या पाळीला कापले. वस्ताद ओरडले, "हात थरथरतोय तुझा! कारागीर व्हायचं तुझ्या नशिबात नाही." पुतण्याने ते खरे मानले. माझ्यासमोरही त्याने आपला हात पुढे धरून दाखवला. तो स्थिर होता. "तेव्हा थरथरला असेल," तो म्हणाला. "काका कशाला खोटं बोलतील?"

सलूनमध्ये वस्ताद पुन्हा पहिल्या खुर्चीत बसले आणि आरशातून मुलीकडे पाहू लागले. आता झिपरीला दिसले. त्यांची मान हलत होती, बारीक, न थांबता, नाही-नाही म्हणत असल्यासारखी. जाण्याआधी शेवटचे त्यांचे केस कापताना तिच्या हाताला हा थरथराट लागला होता. बाबा हसू दाबताहेत, असे तेव्हा तिला वाटले होते.

"कधीपासून?"

"तू जायच्या आधीपासून. डॉक्टर म्हणतो, जिवाला धोका नाही. हात ठीक आहेत. पण ही..." त्यांनी मानेला हात लावला. "त्या पोराचा हात हलत नव्हता गं. ही हलत होती. आणि मी त्याला बोललो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

झिपरीने त्यांच्या खांद्यांवरचे केस मागे घेतले.

"गल्लीला वाटतं, मी लेकीसाठी केस राखले," वस्ताद म्हणाले. "वाटू दे म्हटलं. दुसऱ्या दुकानात जाऊन बसलो असतो तर तिथल्या कारागिराला मान हलताना दिसली असती. आपल्याच धंद्यातल्याची मान आहे ती. उद्या म्हणतील, म्हाताऱ्याचा वस्तरा गळ्याला कोण लावून घेईल?"

झिपरीने सॅक उघडली, कात्री काढली. वस्ताद उठले. तिला वाटले, ते आत निघाले. त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे कापड ओढले, झटकले, आणि तेच कापड गळ्याभोवती घेऊन त्या खुर्चीत बसले.

"तिकडे का?"

"तिथं बसलो की मी मालक. इथं तुझं गिऱ्हाईक. चल, हात बघू दे, कुठं कुठं फिरून आलाय."

तिने त्यांचे डोके धरले नाही. मागे उभी राहून ते स्वतःच्या पोटाला टेकवले, पाय थोडे फाकवले आणि मान जिकडे कलेल तिकडे स्वतः कलू लागली. काही वेळ दोघे मिळून हलत राहिले. मग वस्तादांनी श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि कात्री चालू लागली. मान थांबली नाही. फक्त आता ती एकटी हलत नव्हती.

कान उरकल्यावर वस्ताद डोळे न उघडता म्हणाले, "ही त्या बाईची पद्धत?"

"हो."

"लहान पोरांना चांगली. ती रडतात खुर्चीत." आणि थोड्या वेळाने, "संध्याकाळी पुतण्याकडे जाऊन येतो. त्याला बोलावून आणायचंय. हे त्यालाही दाखव. पण माझं मी आधी त्याच्याशी बोलेन, तू मधे पडू नकोस."

पुतण्या गोदामातले काम सोडून लगेच परत आला नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. काका माफी मागायला आले, हेच त्याला समजायला वेळ लागला. आता तो सुट्टीच्या दिवशी येतो, शटर अर्ध्यावर असताना, आणि बाकावर बसून पाहतो. बापलेक एकमेकांचे केस कापत असताना आत येऊ दिला गेलेला तो पहिला माणूस. दुसऱ्या खुर्चीवर इतर दिवशी झिपरी काम करते. घट्ट कुरळ्या केसांचे गिऱ्हाईक अजून पुन्हा आलेले नाही. ती वाट पाहते आहे.

संग्रहातला शेवटचा फोटो त्या दिवशीचा आहे. एक डोके, मागून, नुकतेच कापलेले, कडा स्वच्छ. संग्रहातला हा एकच फोटो हललेला आहे. फोटो काढणारीचा हात मात्र बाकी सगळ्या फोटोंत स्थिर आहे, एवढे मी तपासून घेतले.

तो फोटो मी झिपरीच्या आईला मोठा करून दाखवला, तेव्हा तिने तो जवळ धरला, लांब धरला आणि कपाळाला हात लावला.

"बघा! घरचा माणूस तर समोर बसलेला. याचं तरी तोंड काढायचं होतं!"